डॉक्टरकाका, तुम्ही नको म्हणाला होतात

काका, तुम्ही खुर्चीवरून घसरलात तेव्हा आधी छर्र्यांची बरणी पडली आणि मग तुम्ही, आणि मला आधी बरणीचाच राग आला. मी पाठमोरी होते. मला वाटलं काकांनी पुन्हा झाकण उघडं ठेवलं, आता शिशाचे छर्रे खोलीभर होणार, आणि माझी परी खाली कार्पेटवर, दिसेल ते तोंडात घालणारी पोरगी. मी न बघताच म्हणलं, काका, झाकण. तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही उलट बोलला नाहीत असं कधी झालंच नव्हतं, म्हणून मी वळले.

तुम्ही टेबलाच्या पायाशी कुशीवर पडला होतात. चष्मा हनुवटीवर, तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी, आणि श्वास घोरल्यासारखा. परी तुमच्या पायाशी बसून छर्रे वेचत होती, एकेक, चिमटीत धरून. मी आधी तिच्यावर झडप घातली. तिच्या तोंडात बोट घातलं, गालाच्या आत, जिभेखाली, काही नव्हतं, मुठी उघडल्या, झटकल्या, तिला उचलून वर नेऊन कॉटमध्ये टाकलं, ती जिवाच्या आकांताने रडायला लागली, आणि मी जिन्यावरून खाली आले ती तशीच छर्र्यांवरून घसरत तुमच्यापर्यंत. काका, काका म्हणून गालावर मारलं. तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात.

मी फोनपाशी गेले. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. वर पोरगी किंचाळतेय, खाली तुमचा श्वास घोरतोय, नऊचं एकच बटण तीन वेळा दाबायचं तर तेही धड दाबलं जाईना. मग ती बाई बोलली, फायर, पोलीस ऑर अँब्युलन्स, आणि काका, मी घडाघडा बोलले. अँब्युलन्स प्लीज. पत्ता. पोस्टकोड. ओल्ड मॅन, नॉट टॉकिंग, ब्रीदिंग येस. एकदासुद्धा अडखळले नाही. कारण ते सगळं तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलं होतं. परीला काही झालं तर तुला बोलता आलं पाहिजे म्हणून कानाला तुमच्या छोट्या मालगाडीचा एक डबा लावून तुम्ही ती बाई व्हायचात, आणि मी चुकले की म्हणायचात, मॅडम, तुमचं घर जळून गेलं, पुन्हा सांगा.

तुम्ही शिकवलेलं मी तुमच्यावरच वापरलं. आणि तुम्ही तर मला नको म्हणाला होतात.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुमच्या डिग्र्या, तुमचं हॉस्पिटल, किती वर्षं भूल दिलीत, ते सगळं ते लिहितील. मी फलटणची, नववीपर्यंत शिकलेली, तुमच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहणारी. मला बोलते तसंच लिहिता येतं. आणि मला तुमच्याशी भांडण पुरं करायचंय, ते दुसरं कोण करणार.

माझ्या नवऱ्याला, संतोषला, हॉटेलात किचनचं काम मिळालं आणि आम्ही इंग्लंडात लेस्टरला आलो तेव्हा मला या गावात काही कळायचं नाही. संतोष दुपारी जायचा तो सगळं आवरून यायचा, मी दिवसभर खोलीत. खालून करकर आवाज यायचा, कुणी तरी नखं घासतंय असा. मला वाटायचं म्हातारा माणूस एकटा राहतो, काय करत असेल. एक दिवस चहा घेऊन खाली गेले तर तुम्ही डोळ्याला भिंग लावून काडेपेटीएवढ्या डब्याच्या कडा घासत होतात. मालगाडीचा डबा. वॅगन म्हणायचं, डबा नाही, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत. चहाचा घोट घेऊन म्हणालात, हा चहा आहे की साखरेचं इंजेक्शन. मी म्हणलं, डॉक्टर आहात, तुम्हाला इंजेक्शनचं काय कौतुक. तुम्ही भिंगातून माझ्याकडे बघितलंत, तुमचा तो एक डोळा केवढा तरी मोठा, आणि म्हणालात, बस. हे धर.

तिथून मी तुमच्या हाताखाली लागले. किट यायचं ते प्लॅस्टिकच्या सळीला चिकटलेले तुकडे असायचे, बाजू, टोकं, तळ, चाकं. ते सर्जरीच्या ब्लेडने कापायचे, घासायचे, काटकोनात जोडायचे. चार चाकं एकदम टेकली पाहिजेत म्हणून काचेवर ठेवून बघायचं, एक जरी अधांतरी राहिलं तरी तुम्ही सगळं सोडवायला लावायचात. मी वैतागायचे. एवढं कोण बघतंय काका? तुम्ही म्हणायचात, रूळ बघतो.

मला वाटायचं तुम्हाला इंजिनं आवडत असतील. सगळ्यांना इंजिनं आवडतात. तुमच्याकडे स्वतःचं एकही इंजिन नव्हतं, अशा छोट्या गाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबमधल्या डेरेकचं वापरायचात. डेरेक बसवर ड्रायव्हर होता आधी, रिटायर झालेला, तुमच्याच वयाचा, त्याच्याकडे इंजिनंच इंजिनं. तुम्ही सांगितलंत, ऑपरेशनमध्ये सगळे सर्जनकडे बघतात, मी डोक्यापाशी बसून पेशंटचा श्वास मोजायचो, मला मागचे डबेच बरे. तुम्हीच डबे म्हणालात, मी लगेच म्हणलं, वॅगन. तुम्ही केवढे हसलात.

माझं खातं वजनाचं. हे किट म्हणजे नुसतं प्लॅस्टिक, फुंकर मारली तर पडेल. असं हलकं रुळावर चालत नाही, वळणावर पुढून इंजिन ओढतं, मागून बाकीच्या वॅगनींचा भार, मधली हलकी वॅगन आतल्या अंगाला उचलून पडते आणि पडताना शेजारणीला घेऊन पडते. आणि जास्त जड केली तर इंजिन जागेवर चाकं फिरवत राहतं. म्हणून प्रत्येकीला ठरलेलं वजन द्यायचं, ना कमी ना जास्त. कोळशाच्या वॅगनीत तळाला शिशाचे छर्रे, त्यावर गोंद, त्यावर खोटी फळी, त्यावर खऱ्या कोळशाचा चुरा. वरून बघणाऱ्याला कोळसाच दिसतो.

मी तेव्हा पोटुशी होते. तुम्ही छर्र्यांना मला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत, शिसं पोटातल्या बाळाला वाईट म्हणून. तुम्ही मोजे घालून चमच्याने टाकायचात, मी लांबून स्वयंपाकाच्या काट्यावर नजर ठेवायची, बास म्हणायचं आणि गोंद ओतायचा. तुमचा नेहमीचा गोंद दोन ट्यूबमधला, मिसळायचा, त्याच्या वासाने मला उमासे यायचे. दोनदा मी उठून पळाले. तिसऱ्या दिवशी बघते तर टेबलावर पांढऱ्या गोंदाची बाटली, शाळेतल्या पोरांची असते ना, तसली. त्या हिवाळ्यात आपण सगळी कोळशाची गाडी पांढऱ्या गोंदाने भरली.

क्लबच्या प्रदर्शनात चर्चच्या हॉलमध्ये ती गाडी चालली तेव्हा मी पोट सांभाळत स्टुलावर बसले होते. डेरेकने मला चहा आणून दिला आणि तुम्हाला विचारलं, ही तुमची मुलगी का. तुम्ही इंग्रजीत म्हणालात, नाही, ही आमची वजनाची अधिकारी आहे, हिला विचारल्याशिवाय काही हलत नाही. मला सगळं कळलं नाही पण हलत नाही एवढं कळलं. मला तोपर्यंत इथे कुणी काही विचारलंच नव्हतं, काका. नाव विचारायचे, ते पण चुकीचं म्हणायचे.

मग परी झाली. तुम्हाला माहितीच आहे, ती झोपत नाही. आजसुद्धा झोपत नाही. मी इतकी दमलेली असायची की तुमच्या खोलीत येऊन भिंतीला टेकून डोळे मिटायचे आणि तुम्ही परीला मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने वॅगन रंगवायचात. ते उपकार मी कुठे ठेवू.

आणि या उन्हाळ्यात गाडी काढली तर वॅगनी फुगलेल्या.

मला वाटलं उन्हाने. एकीच्या बाजू पोट आल्यासारख्या बाहेर, दुसरीचा जोड उसवलेला, तिसरीचा तळ फाटून आतून पांढरं पीठ आलेलं. डेरेक आला, त्याने एक उचलली, फिरवली आणि म्हणाला, ओह डॉक्टर, तुम्ही पांढरा गोंद घातलात. क्लबातल्या सगळ्यांना माहीत होतं म्हणे, शिशाबरोबर पांढरा गोंद घालायचा नाही, त्यातल्या आंबटपणाने शिसं आतल्या आत फुगत जातं, दोन वर्षांनी वॅगन फोडून बाहेर येतं. सगळ्यांना माहीत, फक्त आपल्याला नाही. एवढे शिकलेले तुम्ही आणि एवढी हुशार मी.

माझ्या उमाशांमुळे तुमची सगळी गाडी गेली. मला रडू येईना, मला राग आला. मी ब्लेड घेतलं, एकीचा तळ कापला, आतला गोंदाचा दगड टोकरून टोकरून काढला, बाजू दोऱ्याने बांधल्या, परत जोडल्या. परी माझ्या पाठीला लटकलेली. तुम्ही बघत बसलात. म्हणालात, छाया, सोड गं, तिला कशाला छळतेस. मी म्हणलं, होईल सरळ. तुम्ही म्हणालात, सरळ होईल, पण पहिल्यासारखी नाही बसायची रुळावर. मी बसवली. ढकलली. ती चालली, जराशी डुलत, एका अंगाला कलून, पण चालली.

"चालते की," मी म्हणलं.

"चालते गं," तुम्ही म्हणालात. "पण बघवत नाही."

"चालते ना? मग बास."

तेव्हा तुम्ही ब्लेड माझ्या हातातून काढून घेतलंत आणि सरळ सांगितलंत. फिरवून नाही, डॉक्टर सांगतात तसं. म्हणालात, "हे वॅगनीचं ठीक आहे. माझ्या बाबतीत असं करायचं नाहीस. मी आयुष्यभर लोकांच्या घशात नळ्या घातल्यात, माझ्या घशात नको. मी पडलो तर परीला घेऊन शेजारी बस. फोन नंतर कर."

मी म्हणलं, काहीतरी काय बोलताय. तुम्ही म्हणालात, काहीतरी नाही, ब्लड प्रेशर माझं आहे, मला माहितीय. मी म्हणलं, अनिताताईंना सांगा, मला कशाला, मी कोण. अनिताताई नॉटिंगहॅमला असतात, तुमची एकुलती एक मुलगी, इथेच वाढलेली. तुम्ही म्हणालात, तिला सांगितलं की ती रडते आणि मग मीच तिला समजावत बसतो. तू रडत नाहीस, तू भांडतेस, तुझ्याशी बोलता येतं. मी म्हणलं, मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, जीपीला, सांगा, त्यांना लिहून घेऊ दे. हो, सांगतो पुढच्या वेळी, म्हणालात. सांगितलं नाहीत. तुमच्या कपाटात अर्धवट सोडलेली किटं पडलीत त्यातलंच ते एक.

आणि तुम्ही मला विचारलंत, करशील ना एवढं? मी हो म्हणलं नाही. नाही पण म्हणलं नाही. परीचा डायपर बदलायचा होता, मी उठून गेले. नंतर तुम्ही दोनदा विषय काढलात, मी दोनदा कुकर लावायचाय म्हणून उठले. तुम्ही हसून म्हणालात, या घरात माझ्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्यांना मान आहे.

म्हणून त्या दिवशी फोनपाशी मी जी उभी राहिले ना काका, उचलला ठेवला उचलला, तेव्हा माझ्या कानात तुमचंच वाक्य होतं. परीला घेऊन शेजारी बस. आणि दुसरं पण होतं, ते पण सांगते. हा माणूस माझ्यासमोर मेला आणि मी नुसती बसले होते, असं कळलं तर पोलीस काय म्हणतील? मी कोण, भाडेकरूची बायको, इंग्रजी येत नाही, संतोषचा व्हिसा त्याच्या कामावर आणि माझा संतोषवर. मला परीसकट कुठे पाठवतील? हे सगळं एका श्वासात मनात आलं. आणि तिसरं असं की तुम्ही माझ्याकडे बघत होतात. नको म्हणून बघत होतात की वाचव म्हणून, मला कळलं नाही. तुम्ही बेशुद्ध असतात तर मी कदाचित... नाही, माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

अँब्युलन्सवाले आले, दोघं, एक मुलगी तर माझ्याएवढीच. त्यांचे बूट छर्र्यांवर करकर वाजत होते. ती मुलगी म्हणाली, यू डिड वेल.

हॉस्पिटलमध्ये अनिताताई धावत आल्या, ऑफिसच्या कपड्यातच, आणि त्यांनी मला मिठी मारली. त्यांनी मला आधी कधी हातही लावला नव्हता. म्हणाल्या, छाया, तू माझ्या बाबाला वाचवली, आय कान्ट थँक यू इनफ. मला ते सहन होईना. मी तिथेच, कॉफीच्या मशीनपाशी, परीला कडेवर घेऊन सांगून टाकलं. काका असं असं म्हणाले होते, मी ऐकलं नाही.

त्या म्हणाल्या, "तुला सांगितला? मला नाही?"

मी म्हणलं, तुम्ही रडता म्हणून. हे मी बोलायला नको होतं, पण माझं डोकं कुठे ठिकाणावर होतं. त्या म्हणाल्या, "ऑफ कोर्स मी रडते. मी त्याची मुलगी आहे." आणि तिथेच रडायला लागल्या. मग त्या किती तरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यांचा राग मी फोन केला म्हणून नव्हता काका, तुमच्यावर होता, पण तुम्हाला बोलता येत नव्हतं म्हणून तो माझ्याकडे आला. मी घेतला. मला सवय आहे, परीचा पण सगळा राग माझ्याकडेच येतो.

तुम्ही राहिलात. काही आठवडे राहिलात. उजवा हात नाही, उजवा पाय नाही, बोलणं नाही, गिळणं नाही. घशात नाही, पण नाकातून नळी घातली त्यांनी, पोटात दूध जायला. आणि तुम्ही ती डाव्या हाताने ओढून काढलीत. त्यांनी पुन्हा घातली, तुम्ही पुन्हा काढलीत. मग त्यांनी तुमच्या डाव्या हाताला एक मोठा पांढरा मोजा बांधला, बॉक्सिंगवाले घालतात तसला, म्हणजे तुम्हाला काही पकडता येऊ नये. मी आले आणि तो मोजा बघितला. तुम्ही डावखुरे, ज्या हाताने केसाएवढी रेघ मारायचात तो हात. नर्सला मी विचारलं, हे काढा ना. ती चांगली होती, समजावून सांगत होती, त्यांच्याच भल्यासाठी आहे. मी तुमच्याशेजारी बसले आणि मनात म्हणलं, काका, हे तुमचं उत्तर का? हे उत्तर असेल तर मला कळलं.

पण मग दुसरा दिवस पण आहे. नर्सने धुवायला म्हणून मोजा काढला होता, मी परीला पलंगावर बसवलं होतं, तिचे मोजे कुठे तरी पडलेले, नेहमीसारखे. मी वाकून तुमच्या कानाशी विचारलं, काका, माझ्यावर रागावलात का? एकदा सांगा. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तुमचा हात हळूहळू चादरीवरून सरकला आणि तुम्ही परीचा पाय धरलात. उघडा पाय, पूर्ण मुठीत. परी गप्प बसली, कधी नव्हे ती. तुम्ही तो पाय धरून झोपलात, मी सोडवायला गेले तर तुमची बोटं आणखी घट्ट. तुमच्या गालावर पाणी होतं, ते पण मी पुसलं.

अनिताताई म्हणाल्या, बघ, बाबा खूश आहे, ही वॉज सेइंग थँक यू. मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, असं होतं अशा पेशंटचं, हातात जे येईल ते घट्ट धरतात, डोळ्यातून पाणी पण आपोआप येतं, त्याचा फार अर्थ लावू नये.

एका हाताने नळी ओढलीत, त्याच हाताने परीचा पाय धरलात. मी यातलं काय खरं मानू? मला रोज वेगळं वाटतं. सकाळी परीला बूट घालताना वाटतं, बरं झालं फोन केला. दुपारी भांडी घासताना तो पांढरा मोजा आठवतो.

मग छातीत कफ झाला, ताप चढला. डॉक्टरांनी अनिताताईंना बाजूला घेतलं, पुढे किती करायचं ते विचारलं, श्वासाची नळी वगैरे. ताई बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "छाया, त्याने काय बोलला ते परत सांग. सेम शब्द. तुझे नाही, त्याचे."

मी सांगितलं. ब्लेड हातातून कसं घेतलंत तिथपासून. घशात नळी नको, परीला घेऊन शेजारी बस, सगळं. मराठीत सांगितलं, त्यांना एक-दोन शब्द कळले नाहीत, ते पुन्हा सांगितले. त्या आत गेल्या आणि डॉक्टरांना इंग्रजीत तुमचे शब्द सांगितले. रडत सांगितले, पण सांगितले. तुम्हाला वाटलं होतं ना, ती नुसती रडेल? काका, तुम्ही तिला एकदा सांगून बघायला हवं होतंत. रडत रडत सगळं करता येतं. आम्ही बायका तसंच करतो.

त्यांनी नाकातली नळी काढली, हाताचा मोजा काढला. तुम्हाला दुखू नये एवढंच औषध ठेवलं. एका बाजूला ताई बसल्या, दुसऱ्या बाजूला मी परीला घेऊन. तुम्ही सांगितलं होतंत तसंच बसलो, फक्त उशिरा. तुम्ही दुपारी गेलात. परी जागी होती आणि पलंगाच्या दांड्यावर चमचा वाजवत होती, तिला कुणी थांबवलं नाही.

आता ताई दर रविवारी येतात. घर सध्या आहे तसंच आहे, आम्हाला राहा म्हणाल्या. त्या तुमच्या खोलीत बसतात, वॅगनी उचलून बघतात, मला विचारतात, ही कसली, ती कसली, बाबाने मला हे कधी दाखवलाच नाही. मी म्हणलं, तुम्ही विचारलं नसेल. त्या म्हणाल्या, तो तर म्हणायचा तुला बोअर होईल. दोघांनी एकमेकांना सांभाळत सांभाळत काहीच सांगितलं नाही. मला कधी कधी हसू येतं, कधी तुम्हाला हलवून जागं करावंसं वाटतं. ताईंना काचेवर चाकं कशी बघायची ते मी शिकवलंय. त्यांचा हात कापतो, पण सुधारेल.

कार्पेटमधले छर्रे अजून निघतायत, पाच वेळा हूवरचं मशीन फिरवलं तरी. मी रोज गुडघ्यावर बसून हाताने चाचपते, परी उठायच्या आत. खूप दमले हो काका. तुम्ही गेल्याचं दुःख करायला पण निवांत वेळ लागतो, तो मला मिळत नाही. स्वयंपाक करता करता थोडं, जिना चढताना थोडं. आणि राग येतो तुमचा. एवढं मोठं ओझं तुम्ही माझ्या डोक्यावर ठेवलंत, वजनाची अधिकारी म्हणून, आणि किती झेपतं ते बघितलं नाहीत. मी बावीस वर्षांची आहे, काका. पण इथे, सगळ्या देशात, एवढं मोठं काही माझ्या भरवशावर ठेवणारे पण तुम्हीच. मी भांडते म्हणून तुम्हाला आवडले. घरी मला सगळे त्याच्यासाठीच मारायचे.

तुम्हाला मी खूप विचारलं, काका. हॉस्पिटलमध्ये विचारलं, स्मशानात तुम्हाला ठेवलेल्या त्या पेटीपाशी विचारलं, तिथे तर रांग होती, मागचे लोक खोकले तरी मी उभी राहिले. तुम्ही काही सांगितलं नाहीत. आता यापुढे सांगणार नाहीत, हे मला कळतं, नववीपर्यंतच शिकले असले तरी.

म्हणून जे हे वाचतायत त्यांना विचारते. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे आहात, शिकलेले आहात, तुमच्यात डॉक्टर पण पुष्कळ आहेत. तुमच्या जिवाचं माणूस जमिनीवर पडलंय. त्याने शहाणपणाने, शुद्धीवर असताना, तुम्हालाच सांगून ठेवलंय की मला जाऊ दे. तुम्ही हो म्हणलेलं नाही. वर तुमचं मूल रडतंय. आणि ते माणूस तुमच्याकडे बघतंय, डोळे उघडे ठेवून, आणि त्या डोळ्यांत काय आहे ते तुम्हाला वाचता येत नाही.

तुम्ही काय केलं असतंत?

मला बरं वाटावं म्हणून नका सांगू. खरं सांगा.